भोवरे मोजताना

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातील एका दुपारी मी कपाटातून ५सीबी या द्रवस्फटिकाची बाटली काढली, पिपेटमध्ये थोडा द्रव ओढला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला, तेव्हा तो पाण्यासारखा नितळ दिसला. फेब्रुवारीत सरांनी तीच बाटली माझ्या हाती दिली होती तेव्हा आतला पदार्थ पातळ ताकासारखा पांढुरका होता, आणि तो गढूळपणा हीच त्याच्या द्रवस्फटिक असण्याची, म्हणजे द्रवासारखे वाहूनही रेणूंनी एक सामाईक दिशा धरलेली असण्याची, खूण आहे, असे त्यांनी बजावून सांगितले होते. रसायन बिघडले की कोणी बाटली बदलली, अशा शंकांनी माझा जीव खालीवर झाला. मग भिंतीवरच्या तापमापीकडे लक्ष गेले आणि उलगडा झाला. खोलीत ४१ अंश सेल्सिअस तापमान होते. ५सीबी सुमारे ३५ अंशांच्या वर द्रवस्फटिक राहतच नाही, साधा द्रव होतो. जे संक्रमण मला सूक्ष्मदर्शकाखाली घडवून आणायचे होते, ते विदर्भातल्या उन्हाळ्यात त्या कपाटात रोज पहाटे आपोआप घडत होते आणि सकाळ चढली की आपोआप मोडत होते.

त्या दिवसापासून मी प्रयोगाची वेळ बदलली. पहाटे साडेपाच ते साडेनऊ एवढेच माझे कामाचे तास राहिले. वाळ्याच्या कूलरने खोली आणखी थोडी गार होत असे, परंतु त्याच्या थरथरीने टेबल हलत असे आणि प्रतिमा पुसट येत असे, म्हणून तोही बंदच ठेवावा लागे.

मी तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि प्रकल्पासाठी मला कणभौतिकी हवी होती. आमच्या विभागात त्या विषयाचा प्रयोग होणे शक्य नव्हते, आणि नुसते वाचन करून निबंध लिहिण्याला सरांचा विरोध होता. ते म्हणाले, "तुला कण हवेत ना? मग हे घे. यात धन आहेत, ऋण आहेत, ते एकमेकांना ओढतात आणि भेटले की दोघेही नाहीसे होतात. फक्त मोजल्याशिवाय यांच्यावर एक वाक्यही लिहायचे नाही." त्या वेळी मला हे समजूत काढणे वाटले होते. घरी आत्याने विचारले, "कसले गं दोष मोजतेस, पत्रिकेतले का?" तेव्हा तर मला हसावे की रडावे ते कळेना.

कण आणि द्रवस्फटिकातले दोष (रेणूंच्या दिशा जेथे एकमेकींशी जुळूच शकत नाहीत अशा जागा) यांच्या साधर्म्यामागची मूळ कल्पना लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील टॉम किबल यांनी १९७६ साली मांडली. प्रारंभीचे विश्व थंड होत असताना त्यातील मूलभूत क्षेत्रांची सममिती, म्हणजे सर्व दिशांचा सारखेपणा, भंगली असेल, तर प्रत्येक ठिकाणी क्षेत्राला अनेक समतुल्य दिशांपैकी एक निवडावी लागली असणार. पण प्रकाशाच्या वेगापेक्षा जलद कोणताही निरोप जात नसल्यामुळे दूरदूरच्या प्रदेशांनी ही निवड एकमेकांना न विचारताच केली असणार. असे प्रदेश एकमेकांना भिडले की बहुतेक ठिकाणी मतभेद मिटतात, परंतु काही ठिकाणी तो कितीही गुळगुळीत केला तरी मिटत नाही आणि तेथे जुनी, न भंगलेली अवस्था अडकून पडते. क्षेत्राच्या स्वरूपानुसार या अडकलेल्या जागा भिंतींच्या, दोऱ्यांच्या किंवा बिंदूंच्या रूपात असतात. दोऱ्यांना वैश्विक तंतू म्हणतात आणि बिंदूंपैकी एक प्रकार म्हणजे चुंबकीय एकध्रुव (एकच ध्रुव असलेला, सिद्धांतातला चुंबक). गुरुत्व वगळता बाकीच्या मूलभूत बलांना एकाच बलाची रूपे मानणाऱ्या महाएकीकरणाच्या सिद्धांतांनुसार या घटनेचे तापमान १०^२९ केल्विनच्या आसपास येते, त्यामुळे ती पुन्हा घडवून पाहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र दोष जन्माला येण्याचा हा युक्तिवाद ऊर्जेवर नव्हे, तर दिशांच्या निवडीवर उभा आहे, आणि दिशा निवडणारे पदार्थ टेबलावरही असतात. वोय्चेख झुरेक यांनी १९८५ साली त्यासाठी अतिप्रवाही (घर्षणाविना वाहणारे) हेलियम सुचवले. १९९१ साली चुआंग, ड्युरर, टुरोक आणि युर्के यांनी द्रवस्फटिकातील दोषांच्या जाळ्याचे विरळ होणे पाहिले, आणि १९९४ साली बोविक, चंदर, शिफ आणि श्रीवास्तव यांनी थंड होणाऱ्या द्रवस्फटिकात तंतू निर्माण होताना मोजले. यांतील अजित मोहन श्रीवास्तव भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्समध्ये होते, आणि तेथेच दिगल आणि रे यांच्यासह त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग हा माझ्या प्रकल्पाचा खरा नमुना होता. तो निबंध पहिल्यांदा वाचताना मला सर्वांत मोठा दिलासा कशाचा वाटला असेल, तर काचपट्टी, थेंब आणि सूक्ष्मदर्शक एवढ्याच सामग्रीवर तो उभा आहे, याचा.

सूक्ष्मदर्शक भूगर्भशास्त्र विभागाचा मिळाला. खडकांचे पातळ छेद पाहण्यासाठी त्यांच्याकडे ध्रुवित प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक असतातच. खाली एक पोलरायझर (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने जाऊ देणारी चकती), वर दुसरा, दोघांच्या दिशा काटकोनात, आणि मध्ये अंशांच्या खुणा असलेला गोल फिरता मंच. तेथील प्रयोगशाळा सांभाळणारे भाऊ पहिल्या दिवशी माझ्या डोक्यावर उभेच होते. "ताई, लेन्सले बोट नोका लावू, अन् ते तेल खाली सांडू नोका," एवढे दोन नियम त्यांनी घातले आणि मगच किल्ली दिली. नमुना तापवण्यासाठी पितळेच्या पट्टीला मधोमध भोक पाडले, दोन्ही बाजूंना विद्युतरोध चिकटवले आणि तापमानासाठी पीटी-१०० संवेदक बसवला. हे सगळे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात पट्टीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा दीड अंशाने गरम राहत होते आणि ते समपातळीला आणण्यात मार्चचा पूर्वार्ध गेला.

पहिले दर्शन मात्र विसरण्यासारखे नव्हते. काचपट्टीवर थेंब पसरवून मी तो ३८ अंशांपर्यंत नेला. काटकोनात लावलेल्या पोलरायझरांमधून साधा द्रव दिसत नाही, सगळे काळे असते. वीजप्रवाह बंद केला आणि तापमान ३५ च्या जवळ आले, तसे त्या काळोखात लुकलुकते ठिपके उमटू लागले. प्रत्येक ठिपका म्हणजे द्रवस्फटिकाचा नवा बुडबुडा होता आणि त्यातील रेणूंनी आपापली एक सामाईक दिशा धरलेली होती. बुडबुडे वाढले, एकमेकांना टेकले, मिसळले, आणि दोनतीन सेकंदांत सबंध क्षेत्र राखाडी-पिवळ्या ढगाळ नक्षीने भरून गेले. त्या नक्षीत जागोजागी काळे पट्टे एकेका बिंदूशी येऊन मिळत होते. असे बिंदू हेच दोष. काही क्षणांनी त्यांतील दोन एकमेकांकडे सरकू लागले, आधी संथपणे, मग वेग वाढवत, आणि भेटताक्षणी दोघेही गायब झाले. मागे कसलाही डाग राहिला नाही. मी डोळा काढून सरांकडे पाहिले, तर ते खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी हे शेकडो वेळा पाहिले असावे.

येथे पहिला गोंधळ झाला. पुस्तकांत नेमॅटिक द्रवस्फटिकाच्या (५सीबी याच प्रकारचा) वर्णनात अर्ध्या बळाचे, म्हणजे भोवती एक फेरी मारताना रेणूंची दिशा अर्धेच वळण घेते असे, दोष ठळकपणे येतात, आणि त्यांची खूण म्हणजे बिंदूपाशी दोनच काळे पट्टे मिळणे. माझ्या थेंबात जेथे पाहावे तेथे चार पट्ट्यांची फुली होती, म्हणजे सगळे दोष पूर्ण बळाचे. दोन पट्ट्यांचा दोष मी आठवडाभर शोधत होते आणि आपल्या तंत्रातच काही खोट आहे असे धरून चालले होते.

अर्धा आणि पूर्ण यांतला फरक मला शेवटी हाताच्या बोटांवरून आणि डोक्यावरच्या केसांवरून समजला. बोटाच्या ठशातील रेषांना टोक नसते. रेषा वर जाते की खाली येते, या प्रश्नाला अर्थच नाही. त्यामुळे एका बिंदूभोवती पूर्ण फेरी मारून आल्यावर रेषेची दिशा फक्त अर्धे वळण घेऊनही स्वतःशी जुळू शकते. आपण ज्याला शंख म्हणतो त्या ठशात रेषा ज्या जागी वळसा घेऊन परत फिरतात, तो धन अर्ध्या बळाचा दोष असतो, आणि जवळच जेथे तीन बाजूंच्या रेषा त्रिकोण करून भेटतात, तो ऋण अर्ध्या बळाचा. चक्राच्या ठशात गाभ्याचे बळ पूर्ण एक असते आणि त्रिकोण दोन असतात. हिशेब तेथेही शून्यच येतो. नेमॅटिकमधील लांबट रेणू सरासरीने असेच बिनटोकाचे असतात. केसांचे तसे नाही. केस मुळापासून टोकाकडे कलून वाढतो, म्हणून त्याला बाणासारखी दिशा असते, आणि बाण अर्धे वळण घेऊन स्वतःशी जुळत नाही, उलटा होतो. डोक्यावर भोवरा असतो तो म्हणूनच पूर्ण बळाचा. (ज्यांच्या डोक्यावर दोन भोवरे असतात त्यांची दोन लग्ने होतात, असे आमच्याकडे म्हणतात, दोन भोवऱ्यांच्या मधल्या भागात एक ऋण दोष असावाच लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही.)

माझा थेंब वरून उघडा होता. काचेला लागून असलेले रेणू आडवे पडतात आणि हवेला लागून असलेले उभे राहतात, त्यामुळे मधल्या जाडीत सगळे रेणू कललेले असतात. या कलण्याने बिनटोकाच्या रेषांना टोक मिळाले आणि माझा थेंब ठशासारखा न राहता डोक्यासारखा झाला. तंत्रात खोट नव्हती. सीमा बदलल्यामुळे दिशा निवडण्याच्या पर्यायांचा संचच बदलला होता. भुवनेश्वरच्या प्रयोगातही पूर्ण बळाचे दोष पाहिले होते, हे मी वाचूनही माझ्या डोक्यात शिरले नव्हते. कणभौतिकीत एखाद्या सिद्धांतात तंतू संभवतात की एकध्रुव, हे अगदी याच प्रश्नावर ठरते: भंगानंतर उरलेल्या पर्यायांच्या अवकाशात न आक्रसणारे वळसे असतात का, न आक्रसणारे गोल असतात का. हे वाक्य मी व्याख्यानात अनेकदा ऐकले होते, पण त्याचा अर्थ एका उघड्या थेंबाने लावून दिला.

आता मोजणीकडे येते, कारण प्रकल्पाचा जीव तेथे होता. एखाद्या वर्तुळात एकूण दोष किती आहेत आणि धनातून ऋण वजा करून काय उरते, एवढ्याच दोन संख्या प्रत्येक चित्रातून काढायच्या होत्या. धन-ऋण ही चिन्हे नाणेफेकीसारखी स्वतंत्रपणे पडत असतील, तर उरणाऱ्या आकड्याचा विस्तार, म्हणजे तो चित्रागणिक शून्याच्या आजूबाजूला किती विखुरतो ते माप, दोषसंख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढेल. शंभर दोषांत तो दहाच्या घरात असेल. किबल यांचे चित्र खरे असेल तर तसे होणार नाही. हा उरणारा आकडा, म्हणजे निव्वळ वळण, वर्तुळाच्या परिघावर दिशा कशा बदलतात एवढ्यावरूनच ठरते, आत काय आहे ते पाहावेही लागत नाही. परिघावर जेवढे बुडबुडे येतात तेवढ्या यादृच्छिक उड्या, म्हणजे विस्तार परिघाच्या वर्गमुळाप्रमाणे. आणि दोषांची संख्या क्षेत्रफळाच्या, म्हणजेच परिघाच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही जोडले की विस्तार दोषसंख्येच्या चतुर्थ मुळाप्रमाणे वाढतो, आणि शंभर दोषांत तो साधारण तीनवर अडतो. धनाच्या शेजारी ऋण जन्मण्याची जी ओढ या चित्रात आहे, तिचा हा आकड्यातला ठसा. घातांक अर्धा की पाव, एवढाच प्रश्न. मला या युक्तिवादाची मोहिनी अशी पडली की मी तो वसतिगृहातल्या, भौतिकशास्त्राशी संबंध नसलेल्या मैत्रिणीलाही कणकेच्या गोळीवर टूथपिकने रेघा ओढून समजावला होता.

मोजणी मात्र मोहक नव्हती. दोष स्थिर राहत नाहीत. मी मोजेपर्यंत जोड्या नाहीशा होत. म्हणून मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर बसवून चित्रफीत घ्यायची, बुडबुडे मिसळून झाल्यानंतरचे पहिले स्थिर चित्र निवडायचे, आणि त्यावर वर्तुळे काढायची, असा क्रम ठरवला. फुली दिसली तरी ती धन की ऋण हे नुसते पाहून कळत नाही, कारण दोन्ही फुल्या सारख्याच दिसतात. त्यासाठी काहीतरी फिरवून पाहावे लागते. पुस्तकातला नियम असा: ज्या दोषाचे पट्टे फिरवण्याच्या दिशेने फिरतात तो धन, जे उलट फिरतात तो ऋण. भूगर्भशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकावर सर्वांत सहज फिरणारी गोष्ट म्हणजे मंच, म्हणून मी मंच फिरवला. पंधरा अंश फिरवल्यावर काही फुल्या मंचाच्या दिशेने चक्क तीस अंश फिरलेल्या दिसल्या आणि काही जागच्या जागी, जराही न वळता, फक्त मंचाबरोबर सरकल्या. उलट कोणीच फिरले नाही. मी मनाशी म्हटले, जी फुली फिरली नाही ती नमुन्याच्या मानाने मागेच पडली, म्हणजे ऋण. जी पुढे गेली ती धन. तर्क मला एवढा नेटका वाटला की मी तो वहीत चौकटीत लिहून ठेवला, आणि पुढचे तीन आठवडे त्यानुसार ७४ चित्रफितींमधील वापरण्याजोग्या ४१ चित्रफिती मोजल्या.

चूक उघडकीस आली ती दुसऱ्याच कामातून. सरांनी सांगितले होते की मोजणीला कंटाळलीस की एखादी जोडी शेवटपर्यंत पाहत जा. दोन विरुद्ध दोषांमधली ओढ अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, आणि हलणाऱ्या दोषाला चिकट द्रवाचा अडथळा वेगाच्या प्रमाणात असतो; यातून अंतराचा वर्ग काळाबरोबर सरळ रेषेत घटत गेला पाहिजे. माझे आलेख खरोखरच सरळ आले आणि मी काही दिवस अगदी हवेत होते. मग लक्षात आले की जोडीतले दोघे सारख्या वेगाने जात नाहीत. अकरा जोड्यांपैकी नऊंमध्ये माझ्या नोंदीतला ऋण दोष अधिक वेगाने धावत होता. मी हे नवे निरीक्षण म्हणून उत्साहाने सरांपुढे ठेवले. त्यांनी आलेख पाहिला, वही मागितली, चौकट वाचली आणि विचारले, "आगगाडी पुढे गेली, तर झाडे कुठे जातात?"

उत्तर देताना माझ्या कानशिला तापल्या. नियम पोलरायझर फिरवण्यासाठी आहे. नमुना पंधरा अंश पुढे फिरवणे म्हणजे, नमुन्यावर बसून पाहणाऱ्याच्या दृष्टीने, पोलरायझर पंधरा अंश मागे फिरणे. न फिरलेली फुली नमुन्याच्या मानाने मागे गेली हे खरे, पण पोलरायझरही मागेच गेले होते. दोघे एकाच दिशेने गेले, म्हणून ती धन. पुढे धावलेली फुली पोलरायझरांच्या उलट गेली, म्हणून ती ऋण. माझी प्रत्येक नोंद, एकही अपवाद न करता, उलट्या चिन्हाची होती. खात्रीसाठी मी पोलरॉइडचे दोन तुकडे पुठ्ठ्याच्या एकाच चौकटीला काटकोनात चिकटवले आणि नमुना न हलवता ती चौकट फिरवली. त्या दिवशी पहिल्यांदा काही फुल्या उलट फिरताना दिसल्या, आणि त्या नेमक्या मी धन म्हणून लिहिलेल्या फुल्या होत्या.

तीन आठवडे वाया गेले, असे म्हणत मी वही मिटत होते, तेव्हा सरांनीच थांबवले. घातांकासाठी लागतो तो विस्तार. सगळ्या धनांचे ऋण आणि सगळ्या ऋणांचे धन केले, तर उरणाऱ्या आकड्याचे चिन्ह पालटते, विस्तार तसाच राहतो. एकूण एक मोजणी चुकूनही मुख्य निष्कर्षाला धक्का लागला नव्हता. कणभौतिकीत कणांच्या जागी प्रतिकण ठेवण्याच्या क्रियेला प्रभार-संयुग्मन म्हणतात, आणि मी ती क्रिया अजाणतेपणी माझ्या सगळ्या विदेवर करून बसले होते. पण जोड्यांच्या वेगाने तिला पकडले, कारण या द्रवात धन आणि ऋण हे खरोखरीचे जुळे नाहीत. दोष सरकतो तेव्हा भोवतालचा द्रवही प्रवाहित होतो. धन दोषाभोवतीचा प्रवाह त्याला पुढे ढकलतो, ऋणाला त्याचा फारसा लाभ होत नाही. चिन्हे सुलटी केल्यावर धन दोष वेगवान ठरला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या सैद्धांतिक गणितांशी माझे निरीक्षण जुळले. नवा शोध हातचा गेला याचे मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करते. मात्र साधर्म्य कुठपर्यंत टिकते आणि कुठे सुटते, याची रेषा मला याच चुकीने दाखवली: दिशांच्या जुळणीवरून जे ठरते ते चिन्हांच्या अदलाबदलीला जुमानत नाही, आणि द्रव कसा वाहतो यावरून जे ठरते ते लगेच ओरडते.

मध्यंतरी एकध्रुवाचे साधर्म्यही एकदा पाहून घ्यावे म्हणून मी ५सीबीचे बारीक थेंब पाण्यात हलवले. नुसत्या पाण्यात थेंबाच्या पृष्ठभागावर रेणू आडवे राहतात आणि प्रत्येक थेंबाला समोरासमोर दोन ध्रुव येतात. गोलावर कितीही विंचरले तरी एकूण दोन बळाचे दोष राहतातच, हे गणिताचे जुने प्रमेय तेथे उघड्यावर दिसते. रसायनशास्त्र विभागाकडून मागून आणलेले सोडियम डोडेसिल सल्फेट हे साबणासारखे रसायन थोडे टाकले की पृष्ठभागावरचे रेणू उभे राहतात, दोन्ही ध्रुव नाहीसे होतात आणि थेंबाच्या केंद्रात साळिंदरासारखा, सर्व बाजूंना काटे असलेला एक बिंदू उरतो. १९७४ साली 'ट हूफ्ट आणि पोल्याकोव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या चुंबकीय एकध्रुवात क्षेत्राची दिशा अशीच सर्व बाजूंना बाहेर रोखलेली असते. येथे मी मोजणी काही केली नाही, म्हणून सरांच्या अटीप्रमाणे प्रबंधात याला चार ओळींपलीकडे जागा दिली नाही.

घातांक ०.३१ आला आणि त्यातील अनिश्चितता ०.०८ होती. पाव हे त्या पट्ट्यात बसते, अर्धा बसत नाही. मला आणखी नेमके उत्तर हवे होते, पण मोठ्या वर्तुळांत दोष जास्त असले की मोजणी संपेपर्यंत कडेच्या जोड्या विरून जात होत्या, आणि लहान वर्तुळांत दोषच पुरेसे नसत. मे उजाडल्यावर पहाटेसुद्धा काचपट्टी झटकन थंड होईना, कारण खोलीच तीसच्या वर राहू लागली. संक्रमण रेंगाळले की बुडबुडे थोडे आणि मोठे होतात, दोष कमी जन्मतात. झुरेक यांच्या विचारातला थंड होण्याच्या वेगाचा मुद्दा मला उन्हाळ्याने शिकवला, असे म्हटले तरी चालेल; फक्त त्यांचे सूत्र सलग (बुडबुड्यांविना, सगळीकडे हळूहळू होणाऱ्या) संक्रमणासाठी आहे आणि माझे संक्रमण बुडबुड्यांनी होणारे, म्हणून ते सूत्र मी येथे लावले नाही.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक स्वतः कणभौतिकीतले होते. त्यांचे पहिले दोन प्रश्न मला अपेक्षित होते. जोडी नाहीशी होते तेव्हा ऊर्जा कुठे जाते? इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन भेटले की ती गॅमा किरणांत निघते. येथे ती चिकट घर्षणात उष्णता होऊन द्रवात मुरते, बाहेर काहीच येत नाही. मग तुमच्या कणांना वस्तुमान, जडत्व? व्यवहारात नाही, ओढ थांबली की ते तेथेच थांबतात, पाकात बुडालेल्या मुंगीसारखे. तिसऱ्या प्रश्नाला मी अडखळले: यात प्रमापी क्षेत्र कुठे आहे? प्रमापी क्षेत्र म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्रासारखे, बल वाहून नेणारे क्षेत्र. ते येथे नाही, हेच उत्तर होते. प्रमापी क्षेत्र असते तेव्हा दिशांचे वळण ते क्षेत्र झाकून टाकते आणि तंतूची ऊर्जा गाभ्याजवळ साठते. द्रवस्फटिकात झाकणारे कोणी नसल्यामुळे एकट्या दोषाची ऊर्जा नमुन्याच्या आकाराबरोबर लॉगरिदमच्या प्रमाणात वाढत जाते. हे मी सांगितले, पण दोन वेळा थांबून.

मग त्यांनी सूक्ष्मदर्शक पाहायचा आहे असे म्हटले. सकाळचे आठ वाजले होते, थेंब अजून शाबूत होता. मी पट्टी तापवली, प्रवाह बंद केला, आणि ते नेत्रिकेवर वाकले. बराच वेळ काही बोलले नाहीत. क्षेत्रात मोजक्या फुल्या उरल्या तेव्हा त्यांनी हात पुढे करून मंच सावकाश फिरवला. "ही डावीकडची बघा," ते म्हणाले, "मंचाबरोबर फिरते आहे. म्हणजे ही धन."

मी सरांकडे पाहिले. ते पुन्हा खिडकीबाहेर पाहत होते.

"नाही सर," मी म्हणाले, "ऋण," आणि पुठ्ठ्याची चौकट त्यांच्या हातात दिली.